चार वर्षांचा मुक्काम

मोसम सुरू व्हायला २८ दिवस उरले की आयोवा राज्यातल्या एम्स गावात ट्रॉय डेव्हिसचं नाव निघतं. १५ उरले की सेनेका वॉलेसचं, आणि पाठोपाठ ब्रॉक पर्डीचं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांची ही जुनी रीत आहे. पहिल्या सामन्याला जितके दिवस उरले असतील, त्या नंबरची जर्सी घालून आपल्या विद्यापीठाकडून कोण कोण खेळलं, ते त्या दिवशी आठवायचं. मोजणी ९९पासून सुरू होते, म्हणजे साधारण मे महिना संपताना. उन्हाळाभर ती उतरत राहते आणि ऑगस्ट संपेपर्यंत एकावर येते. २०२०पासून शून्य नंबरालाही परवानगी मिळाली आहे, त्यामुळे आता खुद्द सामन्याच्या दिवसालाही एक खेळाडू मिळतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आठवण जपणारी माणसं’ असा विषय सुचवला, तेव्हा मला ही मोजणी आठवली. माझा भाचा एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठात मृदाशास्त्रात पीएच.डी. करतो. फोनवर तो सहज म्हणायचा, ‘मावशी, आज बेचाळीस.’ गावात कुणालाही दिवस विचारला तर उत्तर आकड्यात मिळतं, हे त्याच्याकडूनच कळलं होतं. म्हणून ऑगस्टमध्ये एम्सला गेले. खेळ बघायचा नव्हता, खेळ सुरू होण्याआधीचं गाव बघायचं होतं.

गाव लहान, मैदान मोठं

एम्सची वस्ती जेमतेम ६६ हजार. तिथल्या मैदानात ६१,५०० माणसं बसतात. शनिवारी सामना असला की सगळ्या राज्यातून गाड्या इथे येतात. दोन्ही बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधून सरळ रस्ता, आणि त्या रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग. विद्यापीठाचे रंग आपल्या हळदीकुंकवाचे आहेत. संघाला सायक्लोन्स म्हणतात. १८९५ साली या शेतकी कॉलेजच्या मुलांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला ३६-० हरवलं, तेव्हा शिकागोच्या वर्तमानपत्राने त्यांना चक्रीवादळाची उपमा दिली. ते नाव चिकटलं ते आजतागायत.

आयोवात फुटबॉल, बेसबॉल किंवा बास्केटबॉलचा मोठा व्यावसायिक संघ एकही नाही. त्यामुळे राज्याचा सगळा जीव कॉलेजच्या संघांत अडकलेला असतो. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांची ढाल घालून खेळायचा. घरच्या मैदानावर मोसमात सहा-सात सामने होतात. तेवढ्यासाठी लोक वर्षभर तिकिटं राखून ठेवतात. आजोबांच्या नावावरच्या जागा नातवाकडे येतात. पार्किंगच्या गवतावर कुणाची गाडी कुठे लागते हेही ठरलेलं असतं. सामन्याच्या चार-पाच तास आधीपासून तिथे शेगड्या पेटतात, सॉसेज भाजले जातात, आणि शेजारच्या गाडीतली माणसं नात्यातल्यासारखी एकमेकांच्या ताटात वाढतात. भाच्याच्या मराठी मित्रमंडळींनाही याची सवय झाली आहे. गणपती घरी असताना शनिवारची आरती सामन्याची वेळ बघून ठरते.

या सगळ्या भक्तीत एक अडचण आहे. ज्यांच्यासाठी ती करायची, ती मुलं इथे राहत नाहीत. कॉलेजचा खेळाडू साधारण चार मोसम खेळतो, एखादा पाच. मग तो जातो. चाहता मात्र तिथेच असतो, चाळीस-चाळीस वर्षं. आवडीच्या खेळाडूला दहा-पंधरा वर्षं डोळ्यांसमोर खेळताना बघायचं सुख त्याला नसतं. चार वर्षांत जे दिसलं ते जपायचं आणि नंबरला टांगून ठेवायचं, एवढंच त्याच्या हातात असतं.

हरलेल्या वर्षांतला नायक

आता २८ नंबरचं बघा. ट्रॉय डेव्हिस मायामीचा. हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू काखेत घेऊन समोरच्या गर्दीतून वाट काढत पळणारा. १९९५च्या मोसमात तो २,०१० यार्ड पळाला आणि १९९६मध्ये २,१८५. एका मोसमात दोन हजार यार्ड हीच दुर्मीळ गोष्ट. सलग दोन मोसमांत ते करणारा तो कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतला पहिलाच. आणि त्याच दोन वर्षांत त्याचा संघ किती सामने जिंकला? आधी तीन, मग दोन. दोन्ही वर्षं मिळून पाच.

पार्किंगच्या गवतावर माझ्याशी बोललेल्या एका निवृत्त शिक्षिकेने ती दोन्ही वर्षं मैदानात बसून काढली होती. थंडीत, अर्ध्या रिकाम्या बाकांवर, हरणार हे माहीत असताना. लोक चेंडू २८ नंबरच्या हातात जायची वाट बघायचे, एवढंच तिने सांगितलं. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला हाइसमन करंडक मिळतो. १९९६च्या मतदानात डेव्हिस दुसरा आला. जिंकणाऱ्या संघात असता तर करंडक त्याचाच होता, असं एम्समध्ये आजही लहान मुलंसुद्धा सांगतात. मला ते पटतं. हा पुरस्कार एका खेळाडूचा म्हणून दिला जातो, पण मतदाराची नजर संघाच्या विजयांच्या रकान्यावरून हटत नाही. कॉलेज फुटबॉलच्या सन्मानदालनात डेव्हिसचं नाव यायला २०१६ साल उजाडलं.

पुढे तोच २८ नंबर ब्रीस हॉलने घातला. त्याने सलग २४ सामन्यांत पळत टचडाऊन केलं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला. तोही विक्रमच. त्यामुळे २८ दिवस उरले की गावात दोन तट पडतात. चाळिशीच्या पुढचे डेव्हिसच्या बाजूने, विशीतले हॉलच्या. १५ नंबरवरही तसंच. सेनेका वॉलेसने १२ ऑक्टोबर २००२ रोजी टेक्सास टेकविरुद्ध केलेली धाव हिशेबात फक्त १२ यार्डांची आहे. पण ते १२ यार्ड मिळवायला तो एका बाजूला गेला, वाट बंद दिसल्यावर मागे फिरला, सगळं मैदान आडवं कापून दुसऱ्या कडेला पोचला आणि मग गोलरेषेच्या आत घुसला. प्रत्यक्षात शंभर यार्डांहून अधिक पळाला. ती धाव इथे आजही नुसत्या ‘ती धाव’ या नावाने ओळखली जाते. त्याच नंबरचा पर्डी २०२२च्या व्यावसायिक निवडीत २६२वा, म्हणजे सगळ्यात शेवटचा निवडला गेला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सान फ्रान्सिस्कोचा डाव चालवणारा क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्याला आम्ही आधी ओळखलं होतं, हा अभिमान एम्सच्या चहाच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या, प्रत्येक टेबलावर ऐकू येतो.

हॉटेलच्या कागदावरचं पत्र

या मोजणीच्या बाहेर असलेला एक खेळाडू मात्र रोजच आठवला जातो, कारण मैदानालाच त्याचं नाव आहे. जॅक ट्राइस.

मराठी वाचकाला एम्स गाव आधीच ओळखीचं आहे, वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ साली याच कॉलेजात आला. तो इथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिला कृष्णवर्णीय अध्यापक. फुटबॉल संघातल्या मुलांचं अंग रगडून देण्याचं कामही त्याने केलं होतं. १८९६मध्ये तो टस्कीगीला गेला. त्यानंतर पाव शतकाने, १९२२ साली, ओहायोतून जॅक ट्राइस आला. त्याचा विषय पशुसंवर्धन. शिकून दक्षिणेत जायचं आणि आपल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना मदत करायची, असं त्याच्या मनात होतं. कार्व्हरचीच वाट.

ट्राइस आयोवा स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत. म्हणून त्याचा पहिला खरा मोसम १९२३चा. त्याचं नुकतंच कोरा मेशी लग्न झालं होतं, कामं करून तो शिकत होता. ६ ऑक्टोबरला मिनियापोलिसमध्ये मिनेसोटाशी सामना होता, त्याचा मुख्य संघातला दुसराच. आदल्या रात्री त्याने कर्टिस हॉटेलच्या कागदावर स्वतःलाच एक पत्र लिहिलं.

ते पत्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेलं आहे आणि त्याचा मजकूर एम्समध्ये बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. सुरुवातीला तो म्हणतो की उद्याचा सामना हा माझ्या आयुष्यातला पहिला खरा सामना, आणि माझ्या वंशाची, घराची, माझी स्वतःची इज्जत पणाला लागली आहे. सगळ्यांना माझ्याकडून मोठं काहीतरी हवं आहे आणि मी ते करणार. चेंडू सुटेल त्या प्रत्येक वेळी माझ्या वाट्यापेक्षा जास्त करायचं. इथपर्यंतचा भाग सगळे सांगतात. मला त्याच्या खालचा भाग जास्त जवळचा वाटला. तिथे तो एकदम कामाचं बोलू लागतो. समोरून घोळक्याने येणाऱ्यांपासून जपायचं. खाली वाकून, डोळे उघडे ठेवून, खेळ जिकडे चालला असेल तिकडे तोंड करून भिडायचं. उलट दिशेने येणाऱ्या धावांवर लक्ष ठेवायचं. क्षणभरही गाफील राहायचं नाही. एकवीस वर्षांचा मुलगा आधी आपल्या समाजाचं ओझं उचलतो आणि लगेच पाय कुठे ठेवायचे ते स्वतःला बजावतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मुद्दे काढावेत तसा तो कागद आहे.

सामन्याच्या सुरुवातीलाच त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. तरी तो खेळत राहिला. तिसऱ्या भागात समोरच्यांची फळी मोडायला तो आडवा झाला, उताणा पडला आणि मिनेसोटाचे खेळाडू त्याच्या अंगावरून गेले. हे मुद्दाम झालं की खेळाच्या ओघात, यावर तेव्हा मैदानात असलेल्यांतही एकमत नव्हतं. तिथल्या हॉस्पिटलने प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं. आगगाडीत गवताच्या गादीवर झोपवून त्याला एम्सला आणलं. ८ ऑक्टोबरला तो गेला. शरीराच्या आत रक्तस्राव झाला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या आवारात अंत्यविधीला सुमारे चार हजार विद्यार्थी आणि शिक्षक जमले. पत्र सापडलं ते तेव्हाच, त्याच्या कोटाच्या खिशात. मुलांनी आणि शिक्षकांनी दोन हजार डॉलरांहून जास्त वर्गणी काढली. विधीचा खर्च आणि आईच्या घरावरचं कर्ज त्यातून भागलं. आईने, अ‍ॅना ट्राइसने, कॉलेजच्या अध्यक्षांना लिहिलं, की त्याच्यामुळे पुढे येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना बळ मिळणार असेल तर तो व्यर्थ गेला नाही. पण माझ्याजवळ तोच एक होता आणि मी आता म्हातारी आहे, एकटी आहे.

एका तुकडीकडून दुसरीकडे

त्यानंतर कॉलेज त्याला विसरलं. हे ठसठशीतपणे सांगायला हवं, कारण आजच्या भव्य पाटीकडे बघून कुणाला वाटेल की हे नाव पहिल्यापासून मिरवलं जात होतं. व्यायामशाळेत पत्राचा मजकूर कोरलेला एक फलक लावला गेला होता. त्याच्यासमोरून मुलं जात-येत राहिली. १९५७ साली टॉम एमर्सन नावाच्या विद्यार्थ्याचं तिकडे लक्ष गेलं आणि त्याने विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लेख लिहिला. पुढे सोळा वर्षं पुन्हा फारसं काही नाही. मग १९७३मध्ये चार्ल्स सोन या इंग्रजीच्या शिक्षकाच्या वर्गातल्या मुलांनी ट्राइसची माहिती खणून काढली. नवं मैदान तेव्हा उभं राहत होतं. मुलांनी मागणी केली, की याला जॅक ट्राइसचं नाव द्या.

मला एम्सला यायचं खरं कारण ही पुढची चोवीस वर्षं. मैदान १९७५मध्ये सुरू झालं, नाव मिळालं नाही. मैदानाचं कर्ज फिटू दे, मग बघू, असं विद्यापीठाने सांगितलं. एका मुलाच्या एका सामन्यावरून एवढ्या मोठ्या मैदानाचं नाव कसं ठेवायचं, असंही काही जण म्हणत. विद्यापीठ वाट बघू शकत होतं. मुलं चार वर्षांची पाहुणी. आज ओरडणारी पदवी घेऊन जातील, नव्यांना काही माहीत नसेल, विषय आपोआप मिटेल. अशा मागण्या सगळीकडे अशाच मिटतात.

ही मिटली नाही. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला सांगितलं. विद्यार्थी संघटनेच्या प्रत्येक नव्या कार्यकारिणीच्या हाती ट्राइसची फाइल आली. सह्या, ठराव, विद्यार्थ्यांच्या दैनिकात लेख, सगळं दर दोन-चार वर्षांनी नव्याने. त्या काळात इथे शिकलेल्या, आता साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, की त्यांनी सह्या गोळा केल्या त्या एका मोठ्या मुलीने वही हातात दिली म्हणून, आणि पदवी मिळाल्यावर ती वही त्यांनी पुढच्या मुलाला दिली. तो मुलगा पुढे काय झाला ते त्यांना ठाऊक नाही. साखळीत ना सुरुवात करणारा त्यांच्या ओळखीचा, ना शेवट करणारा.

१९८४मध्ये विद्यापीठाने तडजोड केली. मैदानाला ‘सायक्लोन स्टेडियम’ आणि आतल्या हिरवळीला ‘जॅक ट्राइस फील्ड’. मुलांचं समाधान झालं नाही. त्यांनी पैसे उभे करून ट्राइसचा पुतळा बसवला, १९८८ साली. क्रिस्टोफर बेनेट यांनी घडवलेल्या या पुतळ्यात तो खेळाच्या पोशाखात नाही. साध्या कपड्यांतला विद्यार्थी वाचत बसला आहे. अखेर १९९७मध्ये अध्यक्ष मार्टिन जिश्के यांच्या काळात सगळ्या मैदानाला जॅक ट्राइसचं नाव मिळालं आणि पुतळाही मैदानाशेजारी आला. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत एका कृष्णवर्णीय व्यक्तीचं नाव असलेलं हे एकमेव मैदान. ज्या मुलांनी १९७३मध्ये मागणी केली, त्यांची मुलं तोवर कॉलेजात जायच्या वयाची झाली होती.

चोवीस नंबर

आयोवात दुसरंही मोठं विद्यापीठ आहे, एम्सपासून गाडीने दोन तासांवर, आयोवा सिटीत. त्यांचं मैदान किनिक स्टेडियम. दोन्ही गावांचं हाडवैर आहे, पण दोन्ही मैदानांना तरुणपणी गेलेल्या मुलांची नावं आहेत.

नाइल किनिकची गोष्ट मात्र विसरली जायची भीती कधीच नव्हती. १९३९चा हाइसमन विजेता, अभ्यासात पहिल्या फळीतला, एका माजी गव्हर्नरांचा नातू. त्या मोसमात आठ सामन्यांच्या ४८० मिनिटांपैकी सलग ४०२ मिनिटं तो मैदानात होता. करंडक घेताना केलेल्या भाषणात त्याने देवाचे आभार मानले, की आपण युरोपच्या रणांगणावर नसून इथल्या मैदानांवर झुंजतो आहोत. व्यावसायिक फुटबॉल नाकारून तो कायदा शिकायला गेला आणि मग नौदलाचा वैमानिक झाला. २ जून १९४३ रोजी सरावाच्या उड्डाणात तेलगळती झाली आणि विमान व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रात उतरलं. तो सापडला नाही. वय २४. जर्सीचा नंबरही २४.

मैदानाला त्याचं नाव द्यायची कल्पना आधीच निघाली होती, पण वडिलांनीच नको म्हटलं. युद्धात एवढी मुलं गेली, त्यांतल्या एकाचंच नाव का? त्यांचा धाकटा मुलगा बेनही त्याच युद्धात गेला होता. नाव लागलं ते १९७२मध्ये. आता दर सामन्याआधी मोठ्या पडद्यावर त्या भाषणाचा भाग लावतात, आणि मैदानात उतरताना खेळाडू पुतळ्याच्या पायाशी असलेल्या हेल्मेटला हात लावतात. मी बघितलं तेव्हा तिथे खेळाडू नव्हते, पण सहा-सात वर्षांचा एक मुलगा वडिलांनी उचलून धरल्यावर त्या हेल्मेटवर तळहात घासत होता. कांशाचा तो भाग बाकीच्या पुतळ्यापेक्षा वेगळाच चमकतो.

याच मैदानाच्या हिरवळीला २०२१मध्ये ड्यूक स्लेटरचं नाव दिलं. तोही कृष्णवर्णीय, ट्राइसच्या थोडा आधी इथे खेळलेला. त्याला शंभर वर्षं थांबावं लागलं. किनिकला जे आपसूक मिळालं ते स्लेटरला आणि ट्राइसला मागून, भांडून मिळवावं लागलं. या राज्यातल्या आठवणींतही रंगाची रेघ होती, आणि ती पुसायचं काम चाहत्यांनी आणि विद्यार्थ्यांनी केलं.

पावसाळी पिकासारखे संघ

गेल्या काही वर्षांत सगळं गणित बदललं आहे. २०२१पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. त्याच वर्षापासून कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसायची अटही सैल झाली. १ जुलै २०२५पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांच्या मर्यादेपर्यंत. मुलांच्या कष्टावर सगळ्यांनी कमवायचं आणि मुलांनी फुकट खेळायचं, हे अन्यायाचं होतं. ते संपलं हे चांगलंच झालं. पण चाहत्याच्या हातातली चार वर्षंही गेली. एखादा खेळाडू आता एका मोसमापुरता येतो, खेळतो, अधिक पैशांच्या जागी जातो. नंबरला टांगायला आठवण तयार व्हायच्या आत जर्सी दुसऱ्याच्या अंगावर असते.

त्या निवृत्त शिक्षिकेने यावर आपला उपाय शोधला आहे. संघाची नवी यादी जाहीर झाली की ती वहीत उतरवून घेते. नंबर, नाव, कुठल्या गावाहून आला, आधी कुठे खेळला. वर्षाखेरीस जो राहिला त्याच्यापुढे खूण, जो गेला त्याच्यापुढे कुठे गेला ते. एक वर्ष खेळलेल्यांचीही नावं ती वगळत नाही. तिचं म्हणणं सरळ आहे, की ट्राइस तर मुख्य संघाकडून दोनच सामने खेळला.

२०२२मध्ये विद्यापीठाने ट्राइसला मरणोत्तर पशुसंवर्धनाची पदवी दिली. पुढच्या वर्षी ७ ऑक्टोबरला, त्याच्या शेवटच्या सामन्याला शंभर वर्षं झाल्यानिमित्त, संघ जुन्या घाटाचे पोशाख घालून टीसीयू विद्यापीठाविरुद्ध खेळला आणि २७-१४ जिंकला. भाचा त्या दिवशी मैदानात होता. त्याच्या प्रयोगशाळेत या वर्षी पुण्याहून आणि राहुरीहून नवी मुलं आली आहेत. त्यांना त्याने पहिल्याच आठवड्यात पुतळ्यापाशी नेलं, मग ग्रंथालयात पत्राची प्रत दाखवली, आणि परत येताना सांगितलं की आज अकरा, तर अकरा नंबर कोण ते शोधून उद्या मला सांगायचं.